स्वमत लिहून घ्या!

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नोकरीचं हे दुसरं वर्ष. माझ्याकडे नववी आणि दहावी आहे, दहावीचा पट ५२. ‘दोन दिवस’ या कवितेचं रसग्रहण गृहपाठाला दिलं होतं. ४७ वह्या आल्या. त्यातल्या ३९ वह्यांत शब्दन् शब्द एकच उत्तर, गाईडातलं. आणखी पाच जणांनी मोबाईलला विचारून लिहिलेलं. ते लगेच कळतं, कारण आमच्याकडची मुलं ‘सदर कविता मानवी अस्तित्वाच्या संघर्षाचा बहुआयामी वेध घेते’ असं काही लिहीत नाहीत. मी ३९ जणांना उभं केलं, खूप बोलले, पुन्हा लिहून आणायला सांगितलं. वह्या परत आल्या तर उत्तर तेच, फक्त वाक्यं खालीवर केलेली. धडा घरी वाचून या म्हटलं तर कुणी वाचत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, वह्या पूर्ण आणि तपासलेल्या दिसल्या पाहिजेत. एक मुलगा मात्र स्वतःच्या मनानं लिहितो, पण सगळं बोलीत आणि चुकांनी भरलेलं. त्याची वही लाल करू का? रात्री अकरापर्यंत मी एकच उत्तर ३९ वेळा तपासत बसते. मराठी शिकवायचं म्हणून या नोकरीत आले, हे कशासाठी करतेय कळत नाही. काय करू?

– वह्यांच्या गठ्ठ्याखालची

प्रिय मॅडम,

तुम्ही वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या असाल. पण फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मी अगंतुगं करत नाही, तेव्हा ‘तुम्ही’च म्हणते.

आधी माझी गोष्ट ऐका. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं तरी मी वर्गात एक वाक्य अगदी सहज म्हणत असे, ‘हं, आता स्वमत. लिहून घ्या.’ मग ‘माझ्या मते’पासून मी सांगायला लागायची आणि पन्नास पोरं माना खाली घालून माझं मत आपापल्या वहीत उतरवायची. मधे कुणी मागे पडलं की ‘बाई, माझ्या मते काय?’ असं विचारायचं आणि मी ‘तुझ्या मते’ काय ते पुन्हा सांगायची. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. एके दिवशी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ‘बाई, “माझ्या मते” हे पण लिहायचं, का नुसतं पुढचं?’ वर्ग हसला नाही. मीही हसले नाही. तिला खरोखरच शंका आली होती.

त्या रात्री मी पण अकरापर्यंत जागी होते.

हे अशासाठी सांगते की तुमच्या पत्रात राग आहे आणि तो पोरांवर आहे. ती लबाडी करतात असं तुम्हाला वाटतं. मला तर ती फार आज्ञाधारक वाटतात. पाचवीपासून त्यांना आपण शिकवलं की प्रश्नाचं उत्तर कुठे तरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, ते शोधायचं आणि सुवाच्य अक्षरात उतरवायचं. आधी ते फळ्यावर होतं, मग गाईडात आलं, आता व्हॉट्सॲपमधल्या एआयच्या त्या निळ्या गोलात आहे. शोधायची जागा बदलली, एवढंच. ‘रसग्रहण’ हा शब्द दिसला की मुलांना कविता दिसत नाही, चार गुण दिसतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण दिसतात. त्या खणांत घालायचा माल बाजारात तयार मिळतो. मग शहाण्या मुलानं तो का आणू नये?

आणि ३९ जणांना उभं केलंत ते चुकलं, हे मी स्पष्टच सांगते. उभी राहिलेली पोरं बसलेल्यांपेक्षा जास्त झाली की ती शिक्षा उरत नाही, प्रार्थना होते. सगळ्यांनी मिळून ऐकली, सगळ्यांनी मिळून विसरली. पुन्हा लिहून आणा म्हटल्यावर त्यांनी वाक्यं खालीवर केली, म्हणजे तुमचं म्हणणं त्यांना कळलं ते असं की ‘बाईंना सारखं दिसायला नको आहे’. त्यांनी तुमची तेवढी सोय केली.

आता कवितेकडे येऊ. ‘दोन दिवस’ची निवड तुमची नाही, पुस्तकातच आहे, पण कविता अशी की तिचं गाईडातलं उत्तर वाचताना मला लाज वाटते. गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर म्हणजे नारायण सुर्वे. मुंबईत शाळेत शिपायाची नोकरी केली आणि पुढे शिक्षक झाले. अशा माणसाच्या कवितेवर ‘कष्टकऱ्यांचे दुःख कवीने प्रभावी शब्दांत मांडले आहे’ असं एक वाक्य सरसकट ३९ वह्यांत. तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत ते दुःख रोज संध्याकाळी हातपाय धुऊन चुलीपाशी बसतं. पोरांना ते माहीत आहे, पण हे कवितेत चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दहावीचं कुमारभारतीचं हे पुस्तक २०१८ साली आलं. निवृत्तीच्या आधी चार वर्षं मी ते शिकवलं. त्यातल्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. या कवितेत भाकरीचा चंद्र येतो. गाईड म्हणतं, ‘येथे रूपक आहे. भाकरी गोल, चंद्र गोल.’ मी वर्गात विचारलं, नुसतं गोलच म्हणायचं असतं तर ताट का नाही म्हटलं? परात का नाही? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शेवटच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, ‘बाई, आमच्या आईची भाकरी तव्यावर करपती ना, तिला असेच डाग पडत्यात. चंद्राला हायत तसे.’ पाठोपाठ एक मुलगी म्हणाली, ‘आणि चंद्र रोज अख्खा नसतो.’ मॅडम, मी ती कविता वीस वेळा वाचली असेल. अख्खा नसलेला चंद्र म्हणजे अर्धी भाकरी, चतकोर भाकरी आणि कधी तरी अवस, हे मला सुचलं नव्हतं. त्या दोघांपैकी कुणीही घरून रसग्रहण लिहून आणलं नसतं. वर्गात, तोंडी, घाई न करता विचारलं म्हणून ते निघालं.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की रसग्रहण गृहपाठाला देऊ नका. निदान सुरुवातीला तरी नको. वाचायचं काम वर्गात आणा आणि घरी त्याहून लहान, त्याहून वेगळं काम द्या.

तास ३५ मिनिटांचा असतो, ठाऊक आहे. कविता वाचायला तीन मिनिटं लागतात. पहिल्यांदा तुम्ही वाचा, एका शब्दाचाही अर्थ न सांगता. दुसऱ्यांदा मुलांना एकेक ओळ वाचू द्या, बाक धरून, सरळ रांगेनं. ज्याला वाचता येत नाही त्याला थांबवू नका, शेजारी पुरवेल. मग वहीत फक्त एक शब्द लिहायला सांगा, जिथं मन अडकलं तो. आवडला असेल, कळला नसेल, खटकला असेल, काहीही चालेल. ५२ मुलांचे ५२ शब्द मिळतात, त्यातले पाच-सहा फळ्यावर घ्या आणि त्यांच्यावरच बोला. तुम्ही ठरवून आलेला अर्थ शेवटच्या पाच मिनिटांत सांगा, तोही उरला असला तर. पहिल्या दोन-तीन वेळा वर्ग गप्प बसेल. ती शांतता तुम्हाला असह्य होईल आणि तुम्ही स्वतःच बोलायला लागाल. बोलू नका. मनात वीसपर्यंत अंक मोजा. मी मोजायची.

गाईडाचं आणि मोबाईलचं काय करायचं? लपवायचं नाही, उलट फळ्यावर मांडायचं. मी एकदा गाईडातलं अख्खं रसग्रहण फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला सांगितलं, ‘यातलं जे वाक्य पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्याही कवितेला चालेल, ते खोडायचं.’ पोरं तुटून पडली. ‘कवीने आशय प्रभावीपणे मांडला आहे’ खोडलं. ‘भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’ खोडलं. ‘कविता वाचकाला अंतर्मुख करते’ यावर थोडा वाद झाला, मग तेही खोडलं. शेवटी फळ्यावर कवीचं नाव आणि दीड वाक्य राहिलं. मी म्हटलं, आता या दीड वाक्याच्या पुढे लिहा, आत्ता इथंच, पाच ओळी. तेव्हा मोबाईलचं उत्तर नव्हतं, पण तुम्ही आता तेही फळ्यावर घ्या. ‘बहुआयामी’ खोडायला पोरांना जास्त मजा येईल. मात्र ज्यानं ते लिहून आणलं त्याचं नाव घेऊ नका.

कुणी कुठून उतरवलं याचा तपास लावणं तर अजिबात नको. आपण पोलीस झालो की पोरं चोर होतात, आणि त्यात ती आपल्याहून हुशार असतात.

आता घरी वाचून न येण्याबद्दल. ‘धडा घरी वाचून या’ हा गृहपाठ मी आयुष्यभर दिला आणि आयुष्यभर कुणी केला नाही. शेवटी मी विचारायला लागले की घरी कधी वाचायचा? एक मुलगी एसटीनं साडेसहाला घरी पोचायची, सात ते नऊ स्वयंपाक. एकाच्या घरात तीन भावंडं आणि बल्ब एक. कुणाला द्राक्षाच्या बागेत फवारणीला जायचं असायचं. तरीही पंधरा मिनिटं निघतात, पण नुसत्या कर्तव्यासाठी ती कुणी काढत नाही, उत्सुकता लागली तर काढतं. म्हणून धडा वर्गात सुरू करायचा आणि नको त्या जागी सोडायचा. कीर्तनकार आख्यान रंगात आल्यावर थांबून हरिनामाचा गजर करून घेतो ना, तसं.

त्याच पुस्तकात अरुणा ढेरे यांचा ‘वाट पाहताना’ हा पाठ आहे. दूर गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारी एक म्हातारी, आणि तिच्यासाठी मनानंच पत्र रचून वाचून दाखवणारा पोस्टमन. मी त्या प्रसंगाच्या अलीकडे घंटेच्या बेतानं थांबायची आणि म्हणायची, ‘हा पोस्टमन पुढे तिच्याशी खोटं बोलतो. बरं करतो की वाईट, घरी वाचून उद्या सांगा.’ दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचलेलं असायचं असं नाही. पण पंधरा-वीस जणांनी वाचलेलं असायचं आणि ते भांडायच्या तयारीनं यायचे. बाकीचे त्यांचं भांडण ऐकून मधल्या सुट्टीत पान उलटायचे. मला तेवढं पुरत असे.

आणि गृहपाठ काय? एकच प्रश्न. ‘घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा, आयुष्यात सगळ्यात जास्त वाट कशाची पाहिली? ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत चार ओळी.’ हे उत्तर गाईडात असूच शकत नाही. मोबाईल रचून देईल, पण त्याला तुमच्या पोराची आजी माहीत नाही. तरी खोटं लिहिणारे दोघं-तिघं निघतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

माझ्याकडे जे आलं त्यातलं काही मला अजून आठवतं. आटपाडीकडून आलेल्या एका मुलीच्या आजीनं सांगितलेलं: बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, पोरं बांधावर बसवलेली, आणि सगळ्यांची नजर रस्त्याकडे, सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या खाण्याची, गाडी कधी येते म्हणून. आजीची ओळ जशीच्या तशी होती, ‘गाडीचा धुरळा दिसला की पोट भरायचं.’ एकाच्या वडलांनी उसाच्या बिलाची वाट पाहिली होती आणि अजून पाहत होते. एका मुलानं लिहिलं होतं, ‘आमच्या घरी कोण कोणाची वाट पाहत नाही, सगळे घरीच असतात.’ त्याला मी दहापैकी दहा द्यायला तयार होते, पण ते गुण कुठे लिहायचे हे मला कळलं नाही.

ती वाक्यं वर्गात वाचली आणि मग पाठाकडे वळलो. १९७२ चा दुष्काळ इतिहासाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत संपतो, इथं तो धुरळ्यासकट वर्गात आला. पोस्टमनच्या खोटं बोलण्यावर पुढे जे स्वमत मुलांनी लिहिलं, ते मी सांगितलेलं नव्हतं. काहींनी गाईडातलंच लिहिलं, हेही सांगायला हवं. पन्नासातले वीस तरी शेवटपर्यंत उतरवतच राहिले. तालुक्याच्या क्लासमध्ये सर लिहून देतात तेच प्रमाण मानणारी मुलं असतात, त्यांचे आईबाप असतात. सगळा वर्ग बदलला अशी गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही, तसं झालं नव्हतं.

आता मुख्याध्यापक. त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या मागे निकालाचा धोशा असतो. त्यांच्याशी साहित्याच्या भाषेत बोलू नका, गुणांच्या भाषेत बोला. कृतिपत्रिका, म्हणजे आपली प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या गद्य उताऱ्याला ४ आणि उपयोजित लेखनाला २४. म्हणजे २८ गुण असे आहेत की जे पाठ्यपुस्तकातला एकही पाठ तोंडपाठ करून मिळत नाहीत. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, आत्मकथन, प्रसंगलेखन, सगळं मुलानं तिथं बसून स्वतः लिहायचं. रसग्रहणाचे ४ आणि स्वमताच्या कृती वेगळ्याच. स्थूलवाचनाला ६ आहेत, त्यासाठी मात्र आपण टिपांची पानंच्या पानं पाठ करून घेतो. हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्या टेबलावर ठेवा. सरांना २०१९ सालही आठवत असेल. त्या वर्षी भाषांचे शाळेनं द्यायचे अंतर्गत गुण काढून घेतले होते, आणि दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर उतरला. कारणं आणखीही असतील. पण लिहायची सवय नसलेल्या पोरांचं काय होतं हे तेव्हा सगळ्या स्टाफरूमनं बघितलं. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि आपण ते विसरूनही गेलो.

वह्यांबद्दल एक युक्ती सांगते. हे सदर तुमच्या सरांच्या वाचनात येणार नाही अशी आशा आहे. दोन वह्या करा. एक शाळेची वही, कव्हर घातलेली, समास आखलेला. तिच्यात पुस्तकातल्या कृती, आकृत्या, रिकाम्या जागा, व्याकरण. त्यात सगळ्यांची उत्तरं सारखीच असणार, असू देत. त्यावर तुमची सही आणि तारीख, एका वहीला अर्धं मिनिट. तपासणीला साहेब आले की हाच गठ्ठा पुढे करायचा. दुसरी कच्ची वही, जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवलेली. तिच्यात वर्गातले शब्द, घरच्यांची वाक्यं, पाच ओळींचं स्वमत. ही वही तुम्ही मनापासून वाचायची, पण रोज दहाच. ५२ वह्या, प्रत्येकीला पाच मिनिटं म्हटलं तर चार तास वीस मिनिटं होतात. एका रात्रीत कुणी नीट वाचू शकत नाही, वाचल्यासारखं करतं. दहा वह्या वाचायला तासही लागत नाही. आठवडाभरात फेरी पूर्ण होते. प्रत्येक वहीत खाली एक वाक्य लिहा, शेरा नव्हे. ‘छान’, ‘प्रयत्न हवा’ हे शेरे मी हजारो वेळा लिहिले, एकाही पोरानं ते वाचले नसतील. ‘आजींना विचार, सुकडी कशात घ्यायच्या?’ असं लिहिलं की मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन सांगतं. त्यातच पुढचा गृहपाठ होऊन जातो.

तुमच्या त्या मुलाची वही लाल करू नका.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, पेपरात तीच लागणार आहे आणि पुढे अर्ज-विनंतीलाही तीच. पण ५२ जणांत आतून लिहिणारा एक पोरगा आणि त्याचं पान रक्तबंबाळ करून परत दिलं, तर पुढच्या वेळी तो शहाणा होऊन गाईड आणेल. मग तुमच्या ३९ चे ४० होतील. मी काय करायची ते सांगते. घरच्या माणसाचं बोलणं लिहिलं असेल तर ते अवतरणचिन्हात, जसंच्या तसं, बोलीत. त्याला हात लावायचा नाही. ‘धुरळा’चं ‘धूळ’ केलं की आजी जाते. त्याच्या खाली मुलाचं स्वतःचं म्हणणं प्रमाण भाषेत. एकाच पानावर दोन्ही. म्हणजे कुठे काय वापरायचं हे त्याला कळतं आणि घरची भाषा चूक आहे असंही वाटत नाही. चुकांचं म्हणाल तर पंधरा दिवसांत एकच प्रकार धरा. या पंधरवड्यात फक्त ‘न’ आणि ‘ण’. पुढच्यात फक्त शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार, म्हणजे ‘आणि’, ‘परंतु’ असे काही शब्द सोडून शेवटचं अक्षर दीर्घ. बाकीच्या चुका दिसल्या तरी पेन उचलायचं नाही. हे मला फार जड गेलं, तुम्हालाही जाईल. आणि त्याला त्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावा, तुमच्या टेबलाशी, हळू आवाजात. निम्म्या चुका वाचतानाच त्याच्या त्याला दिसतील. वाक्य अर्धवट राहिलं की जीभ अडखळतेच.

अवांतर वाचनाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण एवढ्यासाठी सांगते की ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघा. बहुतेक शाळांत ते कपाट १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला उघडतं, पुस्तकं टेबलावर मांडतात, फोटो निघतो, पुस्तकं परत आत. दहा पुस्तकं कपाटाबाहेर तुमच्या वर्गात ठेवा. दोन फाटतील, एक हरवेल, जबाबदारी तुमच्या अंगावर येईल, ती घ्या. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते, त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. पोरांच्या हातात मोबाईल आहेच तर तोही कामाला लागू दे. गावात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे अगदी छोटं का होईना, वाचनालय असेल तर तिथल्या ग्रंथपालांशी ओळख करून घ्या, त्यांना वाचक हवेच असतात.

आता एक हिशेब राहिला. तुमचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा बेरीज केली, जुनी खोड आहे. ५२ चा पट, ४७ वह्या. पाच आल्याच नाहीत. ती मुलं कामचुकार असतील, किंवा त्यांच्याकडे गाईड घ्यायला पैसे नसतील आणि गाईडवाला मित्रही नसेल. स्वतःच्या मनानं लिहिलेलं चालतं हे ठाऊक नसेल तर अशा मुलानं वही द्यावी तरी कशी? त्यांना एकेकटं बोलावून विचारा, सगळ्यांसमोर नको.

आणि आलेल्या ४७ पैकी ३९ गाईडवाली, पाच मोबाईलवाली. तीन उरतात. त्यातल्या एका मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत. उरलेल्या दोन वह्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. ३९ सारख्या वह्यांच्या रागात त्या खाली दबल्या असतील, माझ्याही दबायच्या. आज रात्री गठ्ठ्यातून त्या दोनच बाहेर काढा, बाकी तशाच राहू देत. आणि त्यात काय लिहिलंय ते मला कळवा. जमलं तर उतरवून पाठवा, चुकांसकट.

तुमची,
बाई